पाच वाजताचे मजूर

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आमच्या मंडळीत फारसा कुणाला आवडत नाही. तसं उघड कुणी बोलत नाही. प्रभूने सांगितलेल्या गोष्टीला नावडती कोण म्हणेल? पण पाळकसाहेबांनी उपदेशासाठी तो घेतला की बाकांवर चुळबूळ सुरू होते. उपासना संपल्यावर अंगणात चहा घेताना कुणी तरी बोलून जातंच, की असा कारभार केला तर दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर येणार कोण? उधळ्या मुलाच्या गोष्टीला डोळे पुसणारी माणसं हीच. हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचं चित्र दर्शनी भिंतीवर लावणारीही हीच. या एका दाखल्यापाशी मात्र ती अडतात. मला वाटतं, देवाचं औदार्य नेमकं कसं आहे हे इथे आडपडदा न ठेवता सांगितलंय, म्हणून ते खुपतं.

गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात आहे. बाकीच्या तिघांनी ती लिहिलेली नाही. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, मजूर पाहतो, दिवसाला एक दीनार ठरवतो आणि त्यांना मळ्यात धाडतो. नऊच्या सुमाराला पुन्हा जातो, बाराला जातो, तिनाला जातो. या नंतरच्यांशी रक्कम ठरत नाही; योग्य असेल ते देईन, एवढाच शब्द. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाच वाजता, तो आणखी एकदा जातो. तिथे अजून माणसं उभीच आहेत. दिवसभर असे रिकामे का उभे, असं तो विचारतो. आम्हाला कुणी कामाला लावलं नाही, असं ते सांगतात. संध्याकाळी कारभाऱ्याला हुकूम होतो की शेवटच्यांपासून सुरुवात करून सगळ्यांना मजुरी दे. पाचला आलेल्यांच्या हातावर अख्खा दीनार पडतो. ते पाहून पहाटेपासून राबलेल्यांच्या मनात आशा येते, आणि त्यांनाही एकच दीनार मिळतो. मग कुरकुर.

या गोष्टीत मला नेहमी थांबवणारी जागा मजुरीच्या वाटपाची नाही. ती पाच वाजताची आहे. धनी पुन्हा गेला कशाला? तासाभराच्या कामासाठी कुठला शेतकरी नवी माणसं आणतो? कामाला हात कमी पडत होते असं मत्तयाने कुठे म्हटलेलं नाही. मला एकच उत्तर दिसतं. काम त्याच्या डोक्यात नव्हतंच. बाजारात अजून कुणी उभं आहे का, हे बघायला तो गेला होता.

आमच्या तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडजवळ मजूर नाका आहे. सकाळी सातपासून माणसं उभी असतात, पायाशी घमेली, फावडी, डबे. मोटारसायकलवर मुकादम येतात, टेम्पो येतात, बोटं दाखवून माणसं निवडली जातात. धडधाकट तरुण आठ वाजेपर्यंत गेलेले असतात. दहानंतर कोण उरतं ते एकदा थांबून पाहावं. साठी उलटलेला माणूस, हाताला पट्टी बांधलेला, काखेत लेकरू असलेली बाई, परगावाहून आलेला आणि कुणाच्या ओळखीचा नसलेला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, निफाड-दिंडोरीकडे, द्राक्षाच्या छाटणीला आणि तोडणीला पेठ-सुरगाण्याहून आदिवासी मजूर येतात. तिथेही हेच चालतं. म्हातारी माणसं टोळीत कुणाला नको असतात. त्यामुळे पाच वाजेपर्यंत उभे राहिलेले ते लोक आळशी असतील, हे आपल्या उपदेशांत हळूच घातलं जाणारं म्हणणं मला सहन होत नाही. आळशी माणूस दुपारीच सावली धरतो. रिकाम्या हाताने घरी जायची ज्याला धास्ती असते तोच पाचपर्यंत उन्हात उभा राहतो.

दीनार हे रोमी राज्यातलं चांदीचं नाणं. एका दिवसाची मजुरी, आणि त्यात एका घराचं एका दिवसाचं पोट. तासाच्या हिशेबाने त्या शेवटच्यांना बारावा हिस्सा मिळाला असता, आणि त्यातून घरातल्या चार तोंडांना भाकरीचा तुकडा तुकडा आला असता. धन्याने घड्याळ बाजूला ठेवून चूल पाहिली. यात नियम मोडलेला नाही. उलट मोशेच्या नियमशास्त्रातच, अनुवादाच्या 24व्या अध्यायात, सांगून ठेवलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. दाखल्यातला धनी तोच नियम पाळतो. फक्त त्याच्या मुळाशी असलेली कळकळ नियमाच्या पुढे चालते.

इथून मागे गेलं तर निर्गमचा 16वा अध्याय लागतो. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले लोक अरण्यात भुकेने कासावीस झालेले असतात, मोशेवर चिडलेले असतात, मिसरातली मांसाची भांडी त्यांना आठवत असतात. त्यांच्यासाठी सकाळी दवाबरोबर जमिनीवर मान्ना पडतो. नियम असा की प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, गोळा करावं. कुणी जास्त वेचतो, कुणी कमी. पण मापून पाहतात तेव्हा जास्तवाल्याकडे उरत नाही आणि कमीवाल्याला तुटत नाही. उद्यासाठी म्हणून कुणी लपवून ठेवलं तर त्यात किडे पडतात, वास सुटतो. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढं दुप्पट मिळतं आणि टिकतं, म्हणजे विसाव्याच्या दिवशीही कुणी उपाशी राहू नये. चाळीस वर्षं हे चालतं. कनान देशातलं धान्य खायला मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना थांबतो, असं यहोशवाच्या पुस्तकात आहे.

लहानपणी रविवारच्या शाळेत हे ऐकताना आकाशातून खाऊ पडतो याचीच मजा वाटायची. आता वाटतं, गुलामांची एक अख्खी पिढी इथे देवाच्या हाताखाली नवीन सवय शिकत होती. मिसरात त्यांनी फारोसाठी कोठारांची नगरं बांधली होती. धान्य साठवणाऱ्याची सत्ता काय असते ते त्यांनी पाठीवरच्या वळांतून ओळखलं होतं. बाहेर पडल्यावर देव त्यांना पहिली गोष्ट देतो ती साठवता न येणारी. देवाचं देणं भरपूर आहे, पण ते दिवसाच्या मापाचं आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची, आणि मागायची ती ‘आम्हाला’ म्हणून. एकट्यासाठी मागायची सोय तिथे नाही. मान्ना, ती प्रार्थना आणि पाच वाजताचा दीनार या तिन्ही ठिकाणी माप एकच आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की देव आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाईटांवर उगवतो, आपला पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाडतो. आमचा नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे हे वचन ऐकताना माणूस सरळ आभाळाकडे बघतो. पाऊस पडला तर बांधाच्या दोन्ही अंगांना सारखाच पडतो, हे खरं. पण न पडला तर? औदार्याबद्दल बोलणाऱ्याने दुष्काळाबद्दल बोललंच पाहिजे, नाही तर त्याचं बोलणं पोट भरलेल्याचं बोलणं ठरतं.

1876 ते 1878च्या दुष्काळाने दख्खन होरपळून काढली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831पासून होतं, पण खेड्यापाड्यांतून माणसं मोठ्या संख्येने मंडळीत आली ती त्या दुष्काळानंतरच्या वर्षांत. बहुतेक महार आणि मांग समाजातली. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी नव्हतं, त्यांना दुष्काळात गावाच्या पेवातलं धान्य कुठून मिळणार? ज्यांनी पेज दिली, औषध दिलं, पोरांना पाटी दिली, त्यांच्या देवाकडे ती वळली. माझे पणजोबा त्यांतलेच. घरात सांगतात ते इतकंच, की आई-बाप गेल्यावर ते मिशनच्या आवारात जेवायला आले आणि शाळेत राहिले. पुढे ते गावोगाव फिरून सांगणारे शिक्षक झाले. पण ‘पोटासाठी बाटलेले’ हा शिक्का त्यांच्या पिढीवर बसला, आणि तो पुसायची धडपड आम्ही अजून करतो. आमच्या घराण्यातले लोक साक्ष देताना पणजोबांच्या शाळेपासून सुरुवात करतात. जेवणाचा भाग वगळतात.

मला तो वगळायचा नाही. भुकेने आलेला माणूस खोटा आणि विचार करून आलेला खरा, असं शुभवर्तमानात कुठे आहे? योहानाच्या 6व्या अध्यायात प्रभू लोकांना स्पष्ट सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्यामागे आलात. तो पुढे त्यांना दुसऱ्या भाकरीकडे नेऊ पाहतो, हेही खरं. पण त्याआधी त्याने पाच हजारांना गवतावर बसवून जेवू घातलेलं असतं, आणि बसण्याआधी कुणालाही तू कशासाठी आलास असं विचारलेलं नसतं. माझे पणजोबा पाच वाजताचे मजूर होते. त्यांना कुणीच कामाला लावलं नव्हतं. गावाने नाही, सरकारने नाही, धर्माने नाही. देवाने त्यांच्या हातावर अख्खा दीनार ठेवला. त्याची लाज कसली वाटायची?

तरी दुष्काळात जे मेले त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. मी तो सोडवू शकत नाही, आणि ईयोबाच्या पुस्तकातल्या मित्रांसारखं घाईने सोडवून दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फक्त एका बाईकडे बघावंसं वाटतं, जिने हा प्रश्न स्वतःच्या अंगावर झेलला होता. पंडिता रमाबाई. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत उपासमारीने गेली. वाचले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. अनवाणी, अर्धपोटी, देशभर पायपीट करत. वडिलांनी होतं नव्हतं ते दानधर्मात आणि तीर्थयात्रांत दिलेलं होतं. देवाला देत राहिलं तर देव देतो, हा हिशेब त्या घराने शेवटच्या दाण्यापर्यंत निष्ठेने पाळला होता. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण कमवावं न लागणारं काही तरी आपल्याला मिळालंय, ही जाणीव त्यांना त्यानंतर काही वर्षांनी झाली, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. हिशेबात इतकं गमावलेल्या बाईला हिशेबाबाहेरचं देणं हाताशी यायला वेळ लागला, यात मला काही नवल वाटत नाही.

त्यांचं पुढचं काम मी दाखल्याशेजारी ठेवून वाचते. बोस्टनला 1887 साली त्यांच्या कामासाठी जी संस्था निघाली तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत सरत आली होती, आणि नेमका 1896-97ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपली भूक आठवत होती म्हणून घरात बसवेना. उपाशी मुली आणि विधवा त्यांनी शेकड्यांनी आणल्या, आणि केडगावला घेतलेल्या माळरानावर त्यांना ठेवलं. 1900च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. त्या माळरानावर उभ्या राहिलेल्या ‘मुक्ती’ आश्रमातल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांत आजारी होत्या, आंधळ्या होत्या, समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या होत्या. त्यांच्यासाठी कृपासदन निघालं. नाक्यावर दहानंतर उरणाऱ्या सगळ्याजणी. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा सुरू झाला, छापखाना आला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात या बायकांनी जुळवलं. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीच्या बोटांनी मान्नाच्या गोष्टीचे खिळे लावले असतील, हे मनात आलं की मला त्या पुस्तकाचं पान उलटवत नाही.

मोठ्या माणसांच्या औदार्यामागे एक स्वयंपाकघर असतं, हे मात्र विसरू नये. नारायण वामन टिळक दिसेल त्याला घरी आणणारे, हातातलं देऊन टाकणारे. आणि त्या आणलेल्या माणसांच्या ताटात काय वाढायचं याची चिंता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला देवाच्या उदारपणाची खूण टिळकांइतकीच, खरं तर अंमळ जास्तच, लक्ष्मीबाईंच्या तव्यावर दिसते.

आमच्याकडे ही खूण मुठीएवढी होती. आजी भाकरीसाठी पीठ काढायची तेव्हा आधी मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी तो डबा देवळात जायचा. घरात पुरेसं आहे की नाही हे बघून मूठ टाकायची नसते, मूठ टाकून मग बघायचं, एवढं तिचं धर्मशास्त्र. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या बायका 1910पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी असाच मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्या मुठींवर तिथे प्रचारक पोसले गेले, शाळा चालल्या, आणि आजही मंडळीच्या कामाचा मोठा भार त्या मुठी उचलतात. आजीला मिझोरम नकाशावर दाखवता आलं नसतं, पण ती आणि त्या बायका एकाच चुलीपाशी बसलेल्या होत्या.

कापणीच्या उपकारस्तुतीला आमचं देऊळ भाजीबाजारासारखं दिसतं. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी, कुणी केलेल्या करंज्या. उपासना संपली की अंगणात लिलाव. एका भोपळ्याची बोली पाचशेवर जाते. घेणारा तो घेतो आणि पुन्हा लिलावाला ठेवतो. तोच भोपळा तीन-तीनदा विकला जातो. लहान पोरं टाळ्या पिटतात. बाहेरून बघणाऱ्याला हे वेडगळ वाटेल, पण त्या तासाभरात भोपळ्याला बाजारभाव नसतो. ज्याच्याकडे आलं त्याने पुढे सोडलं, एवढंच चाललेलं असतं. वर्षातून एकदा तरी आम्ही देवाच्या अर्थशास्त्राच्या जवळपास जातो असं मला त्या अंगणात वाटतं.

म्हणूनच अलीकडे शहरांतल्या मोठ्या मंडपांतून जे ऐकू येतं त्याने जीव तुटतो. आज हजार रुपयांचं बी पेर, देव शंभरपट देईल. कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, प्लॉट मिळेल. ऐकणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका असतात, नाक्यावरचे मजूर असतात, ज्यांना खरोखर कर्ज असतं. आणि उदाहरण कुणाचं? मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं. मार्काचा 12वा अध्याय उघडून दोन ओळी वर वाचाव्यात. लांब झगे घालून मिरवणारे आणि विधवांची घरं गिळणारे शास्त्री प्रभूने तिथे कठोर शब्दांत झोडपलेत, आणि लगेच तो दानपेटीसमोर बसून त्या बाईला पाहतो. तिने आपली सगळी उपजीविका टाकली, असं तो शिष्यांना सांगतो. त्यानंतर मंदिर सोडताना या इमारतीचा दगडावर दगड राहणार नाही, असं म्हणतो. त्याच्या बोलण्यात तिचं कौतुक आहे, त्याबरोबर तिचं शेवटचं नाणं घेणाऱ्या व्यवस्थेवरचा संतापही आहे, असं मला ठामपणे वाटतं. तिला शंभरपट परत मिळालं असं मार्क लिहीत नाही. तिच्या नाण्यांवर मंडप उभारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. देवाला सावकार बनवलं की तो दाखल्यातला धनी उरत नाही.

पण त्या मंडपांपेक्षा मला काळजी आमच्यासारख्या जुन्या मंडळ्यांची वाटते. आमची आता चौथी-पाचवी पिढी. शिक्षक झालो, नर्सा झालो, बँकेत गेलो, मुलं परदेशात आहेत. उसाचा हंगाम सुरू झाला की बीड, जालना, पाथर्डीकडून तोडणी कामगार येतात, कारखान्याच्या परिसरात त्यांच्या राहण्याच्या कोप्या पडतात. त्यांतली काही कुटुंबं गेल्या काही हंगामांत रविवारी देवळात येऊन मागे बसू लागली. आणि आमच्यातल्याच कुणी तरी अंगणात विचारलं, हे नक्की कशासाठी येत असतील? नाताळची कपडेवाटणी जवळ आलीय म्हणून?

ज्या शिक्क्याने आमच्या पणजोबांची मान खाली घातली तोच शिक्का आम्ही उचलून दुसऱ्यावर मारायला निघालो होतो. दाखला आम्हाला का आवडत नाही ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही पाचला आलो होतो हे विसरून आम्ही स्वतःला पहाटेचे मजूर समजू लागलो आहोत. पहाटेच्या मजुरांचं दुःख त्यांना कमी मिळाल्याचं नव्हतंच. ठरलं तेवढं त्यांना मिळालं होतं. धन्याने यांना आमच्या बरोबरीचं केलं, हे त्यांचं दुःख होतं. उधळ्या मुलाचा थोरला भाऊ वाड्याबाहेर रुसून उभा राहतो तोही याच कारणाने. या दाखल्याच्या आधी पेत्राने विचारलेला प्रश्न मत्तयाने मुद्दाम ठेवलाय: आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? दाखला बाहेरच्यांसाठी नव्हता. तो सगळ्यात आधी आलेल्या शिष्यांसाठी होता.

द्यायचं कसं, हे शिकायला मी रूथच्या पुस्तकाकडे जाते. लेवीयच्या नियमात शेताचे कोपरे कापायचे नाहीत आणि खाली पडलेलं उचलायचं नाही. तो सरवा गरिबांचा आणि परक्यांचा. म्हणजे वेचणाऱ्याला मालकाच्या दारात हात पसरावा लागत नाही, तो स्वतः वाकून, घाम गाळून नेतो. रूथ परकी, मवाबी, विधवा. बवाजाने नियम पाळून थांबायला हरकत नव्हती. त्याने गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतूनही मुद्दाम काही ओढून टाका, तिला वेचू द्या, तिला टाकून बोलू नका. संध्याकाळी तिने झोडपलं तेव्हा एफाभर जव निघाले. आपल्यासाठी कुणी मुद्दाम धान्य सांडत होतं हे तिला वेचताना कळलंही नसेल. खेड्यात भुईमूग काढून झाल्यावर सरवा वेचायला येणाऱ्या बायकांना हटकणारे शेतकरी मी पाहिलेत, आणि पाठ फिरवून मुद्दाम दुसऱ्या वावरात जाणारेही पाहिलेत.

आणि घ्यायचं कसं? याबद्दल आपण फारसं बोलत नाही, पण पौलाला त्याची चिंता होती. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांत वर्गणी जमवली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे 8 आणि 9 हे दोन अध्याय या वर्गणीवरच आहेत. तिथे तो निर्गमातला तो मान्नाचा हिशेबच पुढे ठेवतो, जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला तुटलं नाही तो. मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल होते, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्यांनी आग्रह केला, हे तो अभिमानाने सांगतो. पण रोमकरांना लिहिताना त्याचा स्वर बदलतो. ही मदत यरुशलेमातल्या पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून तुम्ही माझ्याबरोबर प्रार्थना करा, अशी तो विनवणी करतो. परराष्ट्रीयांचा, शेवटी आलेल्यांचा पैसा पहिल्यांनी घ्यावा का, हा खरा पेच होता. पौल यरुशलेमात पोचला, याकोबाला आणि वडिलांना भेटला, काही दिवसांतच मंदिरात पकडला गेला. पुढे फेलिक्स सुभेदारासमोर तो एवढंच म्हणतो की मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. यरुशलेमाच्या मंडळीने ते पैसे स्वीकारले की नाही, हे लूकने प्रेषितांच्या कृत्यांत कुठेही लिहिलेलं नाही.

गेल्या उपकारस्तुतीला कोपीवरची एक बाई वेदीपुढे उसाची पाच कांडी ठेवून गेली. तोडलेल्या फडातलीच. तिच्याकडून कशाला घ्यायचं, परत देऊन टाका, असं दोघांनी हळू आवाजात सुचवलं, आणि सुचवणाऱ्यांच्या मनात दया होती हे मला ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी ती कांडी बाकीच्या धान्याबरोबर लिलावात घेतली. बोली लागली. ती बाई अंगणाच्या कडेला उभी राहून ऐकत होती, आणि आपल्या उसाची किंमत वाढली तशी तीही पुढे आली.

यंदाच्या लिलावाच्या पैशातून देवळाला नवीन साउंड सिस्टीम घ्यावी की कोप्यांवरच्या मुलांच्या हंगामी शाळेला द्यावेत, यावर आमच्या कमिटीत दोन मतं आहेत. माझं मत शाळेच्या बाजूने आहे, आणि ते मी बैठकीत मांडणार आहे. पण त्याआधी कोप्यांवर जाऊन त्या कुटुंबांना विचारावं लागेल. त्यांना शाळा हवी आहे की मुलांसाठी दवाखान्याची सोय, की आणखी काही वेगळंच, हे आम्हाला माहीत नाही. बैठक पहिल्या रविवारी आहे, तोवर एक संध्याकाळ मिळेल. तोडणीहून माणसं अंधार पडल्यावरच परततात, त्यामुळे जायचं ते रात्रीच.